कलमाआधी फाइल: सोलापुरातील विधी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वर्गाचे परीक्षण

सोलापुरातील रेल्वे लाइन्स परिसरात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रात्यक्षिक वर्ग चालतो. त्याला फलक नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही. न्यायालयाच्या आवारात सगळे त्याला ‘रविवारचा वर्ग’ एवढेच म्हणतात. एक निवृत्त दिवाणी न्यायाधीश आणि दोन वकील मिळून तो चालवतात. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या दोन ज्युनिअर मुलींनी हा वर्ग केल्यावर त्यांच्या कामात जो फरक मला दिसला, त्याचे कारण समजून घ्यावे म्हणून मी चालकांच्या परवानगीने एक पूर्ण सत्र मागच्या बाकावर बसून पाहिले. माझे मत आधीच सांगते: कायदा कलमापासून न शिकवता फाइलपासून शिकवण्याचा हा प्रयोग अस्सल आहे, त्यात काही ठळक उणिवा आहेत, आणि तरीही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो चुकवू नये.

अशा वर्गाची गरज का भासावी, असा प्रश्न कोणी विचारील, कारण अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाची तरतूद आधीपासून आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यांपैकी मसुदालेखनाच्या विषयात न्यायालयीन कागदपत्रांचे पंधरा आणि दस्तऐवजांचे पंधरा मसुदे लिहावे लागतात. अभिरूप न्यायालयाच्या विषयात तीन अभिरूप खटले लढवणे, एक दिवाणी व एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहणे आणि वकील पक्षकाराची मुलाखत कशी घेतो याची दोन वेळा नोंद करणे अपेक्षित आहे. नियम चांगलेच आहेत. मात्र पुष्कळ ठिकाणी या मसुद्यांच्या वह्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवल्या जातात आणि पाहिलेल्या खटल्याची नोंद कोणाच्या तरी नोंदीची नक्कल असते, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहे, कारण तीच मुले पुढे आमच्याकडे येतात आणि वकीलपत्रावर कोणी कोठे सही करायची हे विचारतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मसुद्यामागे कोणी माणूस नाही आणि ज्याच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही, तो मसुदा मन लावून लिहावा असे कोणाला वाटेल?

कायदा शिकवण्याच्या पद्धतींवरचा वाद जुना आहे. 1870 मध्ये क्रिस्टोफर लँगडेल यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यानांऐवजी निवाडे वाचून त्यांवर प्रश्नोत्तरे करण्याची पद्धत रुजवली आणि ती जगभर गेली. वरिष्ठ न्यायालयाच्या निवाड्यात घटना ठरलेल्या असतात; कोण खरे बोलले, कोणता कागद कधी टपालात पडला, याचा निकाल आधीच लागलेला असतो. अमेरिकी कायदेपंडित जेरोम फ्रँक यांनी 1933 मध्ये नेमका यावरच आक्षेप घेतला आणि वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयात शिकतो तसे विधी विद्यार्थ्याने चालू प्रकरणांत शिकावे, असे मांडले. भारतात विधी शिक्षणतज्ज्ञ एन. आर. माधव मेनन यांनी हाच धागा आयुष्यभर लावून धरला. रविवारच्या वर्गात या इतिहासाचे व्याख्यान कोणी देत नाही. मी तो येथे आणला, कारण वर्गाची बांधणी कोणत्या बाजूची आहे हे त्यावरून स्पष्ट होते.

पहिल्याच बैठकीत चार-चार विद्यार्थ्यांच्या गटाला एक दोरी बांधलेली फाइल मिळते आणि त्यावर ‘आज 8 एप्रिल आहे, पक्षकार बाहेर बसला आहे, त्याला काय सांगाल?’ एवढाच प्रश्न लिहिलेला असतो. फाइल यंत्रमागधारकाची आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील या गृहस्थाला टॉवेलच्या मालापोटी एका व्यापाऱ्याने 10 जानेवारीचा चेक दिला आणि तो वटला नाही. बँकेचा मेमो 4 मार्चचा आहे, वकिलाच्या नोटिशीवर 2 एप्रिल ही तारीख आहे, आणि तळाशी टाचलेल्या टपालाच्या पावतीवर मात्र 5 एप्रिलचा शिक्का आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम 138 नुसार चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस दिली पाहिजे. बहुतेक गट नोटिशीवरची तारीख पाहून ‘मुदतीत आहे’ असे लिहून मोकळे होतात. थोडे सावध असलेले गट पावती उलटून पाहतात आणि मुदत 3 एप्रिललाच संपली म्हणून पक्षकाराला हात हलवत परत पाठवतात. त्याहून बारकाईने वाचणाऱ्यांना मेमोच्या पाठीमागे बँकेचा 7 मार्चचा रवानगीचा शिक्का सापडतो, आणि कायदा मेमोच्या तारखेपासून नव्हे तर माहिती मिळाल्यापासून दिवस मोजतो हे आठवले की नोटीस पुन्हा मुदतीत येते, कारण तीस दिवस 6 एप्रिलला पूर्ण होतात.

फाइल येथेच संपली असती तरी ती चांगली फाइल ठरली असती. पण कागदांत व्हॉट्सॲपवरील संदेशांच्या प्रतीही आहेत, आणि त्यांत 4 मार्चच्या संध्याकाळी यंत्रमागधारकाने स्वतःच व्यापाऱ्याला लिहिले आहे, ‘शेठ, तुमचा चेक परत आला की, काय करायचं सांगा.’ म्हणजे त्याला त्याच दिवशी कळले होते. आता बँकेकडून माहिती कधी मिळाली म्हणायची? तो संदेश दुसरी बाजू पुराव्यात आणू शकेल का? आणायचा झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोण देणार? मग वर्गात अर्जुन पंडितराव खोतकर यांचे 2020 चे प्रकरण निघते. जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील कलम 65ब खालील प्रमाणपत्राची सक्ती कोठे लागू होते हे स्पष्ट केले. निवाडा तोच, पण येथे तो पाठ करण्यासाठी येत नाही. गटापुढे अडचण उभी राहिल्यावर तिच्या उत्तरासाठी येतो, आणि म्हणून तो लक्षात राहतो.

या फाइलचे खरे उत्तर वेगळेच आहे, आणि मी पाहिलेल्या सत्रात ते एका अबोल मुलीने दिले. चेकवरची तारीख 10 जानेवारी, चेकची मुदत तीन महिन्यांची, आज 8 एप्रिल. म्हणजे चेक पुन्हा बँकेत भरायला अजून वेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात, पहिल्या वेळी फिर्याद केली नसली तरी चेक पुन्हा भरून नव्याने नोटीस देता येते आणि त्यावर फिर्यादही चालते, असा निर्णय दिला आहे. तेव्हा मुदतीच्या वादात शिरण्याआधी पक्षकाराला आजच बँकेत पाठवायचे. ‘वाद जिंकता येईल का, हे नंतर, वाद टाळता येईल का, हे आधी विचारा,’ असे निवृत्त न्यायाधीश सरांनी त्या वेळी सांगितले. एका फाइलवर दोन बैठका जातात, आणि त्या जाव्यातच.

मुलाखतीचा सराव हा माझ्या मते या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. पक्षकाराची भूमिका करायला बाहेरची माणसे येतात. मी पाहिले त्या दिवशी पूर्व भागातील एक निवृत्त बिडी कामगार बाई आल्या होत्या. त्यांचे मराठी तेलुगूच्या वळणाचे, बोलणे तुटक, आणि गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सांगण्याची सवय. ‘नवऱ्यानं हाकललं बघा, पोराकडं राहते आता,’ एवढे ऐकताच समोरच्या विद्यार्थ्याने क्रूरतेचे कलम, पोटगी आणि पोलीस ठाणे अशी तीनही पाने उघडली. वर्गाचा नियम असा की पहिली दहा मिनिटे कलमाचे नावही काढायचे नाही. त्याला थांबवण्यात आले आणि दुसऱ्या एका मुलीला बसवले. तिने आधी विचारले, ‘मावशी, जेवलात का? किती लांबून आलात?’ मग हळूहळू घर, मुले, कामाची वर्षे, पासबुक. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘घर कोणाच्या नावावर आहे?’ त्यावर बाई म्हणाल्या, ‘माझ्याच की. कुंभारीचं घरकुल, बिडी कामगार म्हणून मिळालेलं.’

त्या एका उत्तराने प्रकरण पालटले. हाकलली गेलेली बाई घराची मालकीण निघाली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 19 खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच सामायिक घरातून बाहेर पडण्याचा आदेश देऊ शकतो, ही दाद आता पुढे आली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्री म्हणूनच तिला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो, हेही त्याच ओघात शिकवले गेले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या आपल्या शहरात वकिलाला पक्षकाराचे बोलणे नीट ऐकता येणे ही कलमाच्या ज्ञानाइतकीच कामाची गोष्ट आहे, आणि ती परीक्षेच्या कागदावर तपासता येत नाही. चालकांनी या भूमिकांसाठी नाटकातील कलावंत न आणता खरोखर तसे आयुष्य काढलेली माणसे आणली आणि त्यांना मानधन दिले, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते.

मसुदालेखनाकडे येताना एक नियम मला विशेष आवडला. जुन्या कैफियतींत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या लेखी उत्तरांत, ‘दाव्यातील मजकूर खरा नाही व कबूल नाही’ हे वाक्य परिच्छेदागणिक ठोकलेले असते. या वर्गात ते वाक्य लिहिण्यास मनाई आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मध्ये प्रत्येक कथन नेमकेपणाने नाकारले पाहिजे आणि टाळाटाळीचा नकार कबुली ठरू शकतो असे सांगितलेले असताना, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सवयीने तेच वाक्य उतरवत आलो. येथे विद्यार्थ्याला काय नाकारतो, का नाकारतो आणि त्याच्या मते खरे काय घडले, हे तीन वाक्यांत मराठीत लिहावे लागते. दाव्यातही पुरावा कालवायचा नाही, महत्त्वाच्या घटना तेवढ्या मांडायच्या, हा आदेश 6 चा नियम सांगून न थांबता, पाच पानांचा दावा दोन पानांत बसवून दाखवायला लावतात. माझ्या ज्युनिअर मुलींचे दावे आता आटोपशीर येतात ते यामुळेच.

उलटतपासाचा भाग फौजदारी बाजूच्या वकिलांकडे आहे आणि तो शिस्तीने शिकवला जातो. साक्षीदाराने पोलिसांकडे दिलेला जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांत फरक पडला, तर तो नुसता ओरडून सांगून उपयोग नसतो. जबाबातील नेमका भाग साक्षीदाराच्या लक्षात आणून द्यायचा, त्याने नाकारला की त्या भागावर खूण करून घ्यायची, आणि पुढे तपासी अंमलदाराकडून तो शाबीत करायचा. साक्ष्य अधिनियमाचे कलम 148 आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 181 एकत्र वाचल्याशिवाय हे जमत नाही. 1 जुलै 2024 पासून हे नवे कायदे लागू झाले आणि कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे ज्येष्ठ वकिलांच्या तोंडी अजूनही जुने 145 आणि 162 येतात. वर्गात दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहितात, कारण सध्या न्यायालयात दोन्ही काळांतील प्रकरणे चालू आहेत. विद्यार्थ्यांच्या उलटतपासात सर्वांत जास्त वेळा दिसलेला दोष म्हणजे हवे ते उत्तर मिळाल्यावरही ‘मग असं का?’ हा प्रश्न विचारणे आणि साक्षीदाराला खुलाशाची संधी देणे. त्यावर शिक्षक काही बोलत नाहीत. साक्षीदार झालेला दुसरा विद्यार्थी जो खुलासा करतो त्यातून प्रश्न विचारणाऱ्याला कळायचे ते कळते.

संविधानाचा एकच पाठ या सत्रात होता आणि तो सोलापूरच्याच मातीतला होता. मे 1930 मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आले, हे येथील प्रत्येक मूल शाळेत शिकते. वर्गात प्रश्न असा दिला होता: असा प्रसंग आज उद्भवला आणि तुमच्या पक्षकाराला अटक झाली, तर तुम्ही कोणत्या न्यायालयात, कोणता अर्ज घेऊन जाल? त्यासाठी विद्यार्थ्यांना लष्करी कायद्याबाबतचा अनुच्छेद 34 वाचावा लागला, आणीबाणीतील 1976 च्या जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देहोपस्थितीची (अटकेविरुद्धच्या ‘हेबियस कॉर्पस’ अर्जाची) दारे कशी बंद केली होती ते पाहावे लागले, चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद 20 आणि 21 ला दिलेले संरक्षण समजून घ्यावे लागले, आणि 2017 च्या पुट्टस्वामी निवाड्याने जबलपूरचा निर्णय कसा मोडीत काढला येथवर यावे लागले. सोलापूरच्या लष्करी कायद्यातूनच मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले चन्नप्पा शांतीरप्पा यांचे प्रकरणही वाचायला दिले होते. या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मुलांना आपल्या गावाचे नाव निवाड्याच्या पानावर दिसले तेव्हा वर्गात जी चर्चा झाली, तशी चर्चा मी माझ्या विद्यार्थिदशेत कधी ऐकली नाही. एकाच बैठकीत ती संपवली, हे मात्र मला पटले नाही. तिला तीन बैठका दिल्या असत्या तरी कमी पडल्या असत्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या थेट प्रक्षेपणाचा उपयोगही केला जातो. 2018 चा थेट प्रक्षेपणाचा निर्णय स्वप्नील त्रिपाठी या विधी विद्यार्थ्याच्या याचिकेवर झाला होता, आणि सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाची सुनावणी कोणालाही पाहता येते. वकिलाचे भाषण ऐकण्याऐवजी न्यायमूर्तींचे प्रश्न तेवढे टिपून घ्या, हे दिलेले काम चांगले आहे. बाकी या तासात फारसे घडले नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव अशी की या वर्गात महसुली कायदा नाही. आपल्या जिल्ह्यातील वकिलाच्या टेबलावर सातबारा, फेरफार, बांधावरचा रस्ता आणि मोजणीचे नकाशे रोज येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडून नवा रस्ता कधी मागायचा आणि आधीपासूनचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली कसे जायचे, हा फरक न कळल्यामुळे शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. फाइल पद्धतीने शिकवायला याहून योग्य विषय सापडणार नाही, कारण तेथे सगळी भिस्त जुन्या कागदांच्या वाचनावर असते. मी ही सूचना चालकांना लेखी दिली आहे आणि एक फाइल तयार करून देण्याची तयारीही कळवली आहे.

दुसरी उणीव तपासणीची. पहिला मसुदा लाल शाईने भरून परत येतो, शेरे नेमके असतात, पण त्यानुसार सुधारलेला दुसरा मसुदा कोणी पाहत नाही. मुले वाढली आणि शिक्षक तीनच राहिले, हे कारण समजण्यासारखे असले तरी शिकणे दुसऱ्या मसुद्यातच होते, त्यामुळे प्रवेशाची संख्या कमी करणे हाच उपाय मला दिसतो. तिसरी गोष्ट इंग्रजी मसुद्यांची. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात आला, त्यामुळे मुंबईला न जाताही उच्च न्यायालयात काम करण्याची संधी येथील तरुण वकिलांपुढे प्रथमच उभी आहे. खालच्या न्यायालयासाठी मराठी मसुदा उत्तम शिकवणाऱ्या या वर्गाने रिट याचिकेच्या इंग्रजी मसुद्याला एकच तास द्यावा, हे अपुरे आहे.

शुल्क कायद्याच्या एखाद्या जाड टीकाग्रंथाच्या किमतीएवढे आहे आणि ते दोन हप्त्यांत भरता येते. ग्रामीण भागातून एसटीने येणाऱ्या मुलांना सवलत मिळते, पण ती मागावी लागते. माहितीपत्रकातच तिचा उल्लेख असावा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने घाई करू नये, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता आणि साक्ष्य अधिनियम एकदा वाचून झालेले असल्याशिवाय फाइलमधील अडचणी दिसतच नाहीत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आणि सनद मिळून वर्ष न झालेल्या वकिलांनी जरूर जावे. नवे सत्र दिवाळीनंतर सुरू होते. नावनोंदणी त्याच वाचनालयात शनिवारी दुपारी करून घेतात, आणि नाव घेण्याआधी एक पानभर मजकूर वाचायला देऊन त्यातील तारखा क्रमाने लावायला सांगतात.